जुनी जोडी तोडण्याआधी

सोम. ३ फेब्रु. २०१४

होस्ट सर्व्हर आला. दोघांनी उचलून रॅकमध्ये बसवला. उंची दोन पाट एकावर एक ठेवले तर होईल एवढीच, आणि ह्याच्या पोटात लॅबची नऊच्या नऊ मशीनं जायची आहेत. एबर्टबाई चष्मा कपाळावर चढवून बघत राहिल्या.

"आणि नऊ मशीनांच्या वायरी?"

मी म्हटलं, दोनच. बाकीच्या आत, सॉफ्टवेअरमध्ये.

"आत," म्हणाल्या, आणि कॉफी आणायला गेल्या.

त्यांचंही बरोबर. एकोणीस वर्षं ह्या इमारतीचं नेटवर्क त्यांनी स्वतःच्या हातानं ओढलंय. ऑफिसच्या वायरी निळ्या, लॅबच्या पिवळ्या, प्रत्येकीवर त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. ३१ मार्चला रिटायर होतायत. जर्मनीतला माझा प्रोबेत्साइटही ३१ मार्चलाच संपतो. सहा महिन्यांची परीक्षा, आणि पेपर हाच: बाई जायच्या आत नऊ मशीनं होस्टवर.

आठ सोपी आहेत. नववा म्हातारा.

बुध. ५ फेब्रु.

म्हाताऱ्याबद्दल नीट लिहून ठेवतो, मागाहून गोंधळ नको.

कोपऱ्यातलं विंडोज एक्सपीचं मशीन. बाई त्याला 'डेअर आल्टे' म्हणतात, म्हणून मीही म्हातारा म्हणतो. लिफ्टचे, डोंगरावरच्या पाळण्यांचे पोलादी दोर आमच्याकडे तपासायला येतात. त्यांचे तुकडे बेंचवर ताणून तोडायचे, प्रत्येक ताणाचं रीडिंग म्हाताऱ्याकडे. एकोणीस वर्षांची रीडिंगं तिथंच. आजचा दोर ठीक आहे का, हे त्याच्या जुन्या रीडिंगशी ताडूनच ठरतं. आणि ती वाचता येतात एकाच प्रोग्रामला. तो लिहिला दोघा भावांनी, त्यांचं दुकान कधीच बंद झालं. प्रोग्राम उघडतो म्हाताऱ्याच्या नेटवर्क कार्डाचा नंबर दिसला तरच. प्रत्येक कार्डाला कारखान्यातून असा एक लांबलचक नंबर मिळतो, दुसऱ्या कुणाला नसलेला. तीच ह्या कुलपाची किल्ली.

नाताळापासून डिस्क टकटक करते. एप्रिलपासून एक्सपीलाही कुणी वाली नाही. हा गेला तर एकोणीस वर्षं गेली. बाई छापील कागदही काढतात, पण तो कागद दोन वर्षांत फिका पडून कोरा होतो.

शुक्र. ७ फेब्रु.

पहिलं मशीन होस्टवर उभं केलं. प्रिंटरचं, बिनमहत्त्वाचं. सेटिंगमध्ये 'नेटवर्क अडॅप्टर जोडा' म्हटलं, जोडला गेला. कार्ड कुठंय? नाहीच. होस्टनं एक नंबर मनानं ठरवून दिला. मशीन उठलं, त्यानं हाक मारली, मला पत्ता द्या, आणि इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाच्या राउटरनं देऊन टाकला. नसलेल्या कार्डाला, नसलेल्या वायरीवरून. पुण्यात असताना हे निदान शंभरदा केलं असेल. तरी आज अंगावर काटा आला.

मग दुसरं उभं केलं, दोघांना एकाच आभासी स्विचवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या जोड-डब्यावर, ठेवलं आणि एकाकडून दुसऱ्याकडे मोठी फाइल पाठवली. होस्टच्या मागं जाऊन वायरीपाशी जो दिवा असतो तो बघत बसलो. लुकलुकलासुद्धा नाही. दोघं आतल्या आत बोलून मोकळे, बाहेरच्या वायरीला खबर नाही. कितीतरी वेळ तिथंच उकिडवा बसलो होतो. बाईंना वाटलं माझं काहीतरी पडलंय.

घरी प्रज्ञाला सांगितलं. "तुला कुकरची शिट्टी झाली तरी नवल वाटतं," म्हणाली. बाबा मात्र जेवता जेवता थांबले.

रवि. ९ फेब्रु.

बाबांना नागपूरहून येऊन तीन आठवडे झाले. थंडीला वैतागलेत. नातीशी, मैत्रेयीशी, मराठीत बोलतात, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि दोघांचं काहीच अडत नाही.

आज फिरायला नेलं, तर गाड्यांच्या कारखान्याच्या कुंपणापाशी थांबून म्हणाले, "तू परवा काय सांगत होता? वायर नाही म्हणे, तरी बोलते?"

चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. खड्ड्यात बसून आठशे आठशे जोड्या जोडल्यात त्यांनी. त्यांना 'वायर नाही' कसं सांगायचं. जमेल तसं सांगितलं. ऐकून घेतलं.

"असंन. पण मी तुला सांगतो, जुनी जोडी तोडायची नाही. आधी तिच्या बाजूनं नवी जोडायची. दोन्ही चालू ठेवायच्या. नवीवर 'हॅलो' ऐकू आला का, मगच जुनी तोडायची. माझ्या हातानं कोणाचा फोन एक मिनिट बंद नाही पडला."

हे वाक्य लहानपणापासून ऐकतोय. नोकरीला लागल्यावर माझंही तेच झालं. जुनं चालू, नवं शेजारी, मग तोड. अजून कधी फसलो नाही.

बुध. १२ फेब्रु.

म्हाताऱ्याच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली. सहा तास. डिस्क टकटकत होती, बाई दर तासाला येऊन कान लावून जात होत्या.

नक्कल होस्टवर उठवली. प्रोग्राम उघडेना. अपेक्षितच. होस्टनं दिलेला नंबर वेगळा. म्हाताऱ्याचा नंबर अडॅप्टरच्या खान्यात टाकला, तर होस्ट घेईना: हा माझ्या नंबरांतला नाही. विंडोजच्या आतून बदलून बघितला. नेटवर्कला पटला, प्रोग्रामला नाही, तो त्याहून खोल बघतो. शेवटी मशीन बंद करून त्याची सेटिंगची फाइलच उघडली आणि हातानं नंबर लिहिला. एकेक अक्षर बाईंनी म्हाताऱ्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवरून वाचलं, मी टाइप केलं.

उठवलं. प्रोग्राम उघडला.

पहिलंच पान, पहिला दोर, बाईंनी ह्या कंपनीत मोजलेला पहिला. एका ओळीनं ते मशीन दुसरं कुणीतरी झालं होतं, म्हणजे खरं तर होतं तेच झालं होतं. विहारात भंतेजी 'मी' म्हणजे काय हे विचारायचे तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचो. आज विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नक्कल अजून बंदिस्त नेटवर्कवर आहे, बाहेर कुठं जोडलेली नाही.

मंगळ. १८ फेब्रु.

बारा वाजता सगळे एकमेकांना 'मालत्साइट' म्हणत जेवायला गेले, लॅब रिकामी. नक्कल बेंचशी बोलते का बघायचं होतं. एका नंबरची दोन मशीनं एका नेटवर्कवर नकोत हे मला कळतं. पण म्हाताऱ्याला बंद करा असं बाईंना सांगायला जीभ रेटली नाही, आणि बाबांचा नियम: जुनी चालू असू दे, नवीवर 'हॅलो' ऐक. पाच मिनिटांचा प्रश्न.

अडॅप्टर लॅबच्या नेटवर्कला लावला. बेंचनं उत्तर दिलं. कुणी तक्रार केली नाही. इतकं आवडलं की हसूच आलं. तेवढ्यात बाईंनी दारातून हाक मारली, सूप गार होतंय. अडॅप्टर परत बंदिस्त नेटवर्कवर वळवला आणि गेलो.

गुरु. २० फेब्रु.

वळवला, पण 'ओके' दाबलं नव्हतं.

सकाळी बाई कागद घेऊन आल्या. एका वृद्धाश्रमाच्या लिफ्टचा दोर काल बेंचवर तुटेपर्यंत ताणला. कागदावरची रेघ जागोजागी तुटलेली. सहाशे रीडिंगं हवीत, म्हाताऱ्याकडे तीनशे बारा.

मला बघताक्षणी कळलं. बेंच जुन्या रीतीचा, आकडे नुसते फेकतो, पोचले का विचारत नाही. स्विच ते त्या नंबरवाल्याला देतो, म्हणजे दोघांतला जो शेवटचा बोलला त्याला. घटकेत म्हाताऱ्याला, घटकेत नकलेला. पत्ता एक आणि नंबर वेगळे असते तर विंडोजनं केव्हाच बोंब मारली असती. इथं दोघांचं सगळंच सारखं, म्हणून एकालाही दुसरा असल्याचा पत्ता नाही. दोन दिवस दोघं आपण एकटेच आहोत असं समजून अर्धं अर्धं काम करत बसले.

आणि तुकडा तुटला आहे. तो पुन्हा तोडता येत नाही.

सांगून टाकलं. सगळं, सूपसकट. बाईंनी चष्मा काढला, पुसला.

"तुम्ही मला विचारायला हवं होतं, मिस्टर मेश्राम."

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

"मी नाहीच म्हटलं असतं. गेनाऊ, अगदी तेच. म्हणूनच विचारायला हवं होतं."

आणि कागदाची घडी करून आपल्या टेबलाकडं गेल्या. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

शुक्र. २१ फेब्रु.

नकलेकडे किती आहेत? दोनशे अठ्ठ्याऐंशी. तीनशे बारा अधिक दोनशे अठ्ठ्याऐंशी. तीनदा बेरीज केली.

एक यादी बाईंकडे, एक माझ्याकडे. समोरासमोर बसलो. त्या वेळ वाचायच्या, माझ्याकडे पुढची वेळ असली की मी वाचायचो. बाबा सांगायचे तसंच, खड्ड्याच्या दोन टोकांना दोन माणसं, एक जोडीचा नंबर पुकारणार, दुसरा 'आहे' म्हणणार. सकाळपासून दोन वाजेपर्यंत. कागदावर रेघ हळूहळू सलग होत गेली. सहाशेच्या सहाशे निघाली. एकही हरवलं नव्हतं, एकही दोनदा नव्हतं.

चूक माझीच, तरी लिहितो: इतकी सुंदर गोष्ट मी कामावर कधी पाहिली नाही. बाईही कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोर चांगला आहे. म्हाताऱ्यांना लिफ्टनं जाऊ द्या." आणि कोट घालून, 'फायरआबेंड', म्हणजे आजचं काम संपलं, असं म्हणत निघून गेल्या.

रवि. २३ फेब्रु.

बाबांना सांगितलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं.

"म्हणजे तुझ्याकडं दोन्ही जोड्या चालू ठेवताच येत नाही."

नाही.

"जुनी आधी तोडायची. आन् नवी बोलंन का नाही ते नंतर पाहायचं."

हो.

"मग हिंमत लागते बाबा तुमच्या कामाले." आणि प्रज्ञाकडं वळून, "मला वाटे हा नुसता बसून राहते."

"बसूनच असतात मामाजी," प्रज्ञा म्हणाली.

सोम. ३ मार्च

आठही मशीनं होस्टवर. ऑफिसची पाच एका आभासी स्विचवर, लॅबची तीन दुसऱ्यावर, एकाच लोखंडात राहून एकमेकांना दिसत नाहीत. बाईंनी होस्टला जाणाऱ्या दोन्ही वायरींवर चिठ्ठ्या चिकटवल्या. निळीवर पाच नावं, पिवळीवर तीन, खाली एक रिकामी ओळ. कोलोनचा ग्राहक फोन उचलत नाही, तिकडं कार्निव्हल.

शुक्र. १४ मार्च

बाबांना सर्व्हर रूम दाखवली. गेटवर बेझुखरची, म्हणजे पाहुण्यांची, वही भरली, 'कुणाला भेटायचं' ह्या रकान्यात माझं नाव. छातीवर पाहुण्याचा बिल्ला लावून बाबा इतके ताठ चालत होते की मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

बाईंनी शेकहँड केला. बाबांनी नमस्कार. भाषा नाही. बाबा थेट रॅकच्या मागं गेले, पिवळ्या जुडग्यावरून बोटं फिरवली, वळणं बघितली, चिठ्ठ्या बघितल्या. मला म्हणाले, "हे बाईनं केलं? सांग तिला, एक नंबर काम." सांगितलं. बाई लाल झाल्या. एकोणीस वर्षांत हे त्यांना कुणी म्हटलं नसावं.

मग बाबांनी त्यांना दाखवलं, नवी जोडी कशी तपासायची. वायरीवर दोन बोटं, मान खाली, "हॅलो." आणि मग गप्प. ऐकायचं. बाईंनी विचारलं, "किती वेळ?" मी ते बाबांना मराठीत विचारलं. बाबा म्हणाले, "उत्तर येईपर्यंत. दुसरं काय."

होस्ट मी दाखवायचा राहूनच गेला. जाताना बाबांनी स्वतःच त्यावर हात ठेवला. "गरम आहे. जिवंत वाटते."

शनि. २२ मार्च

आज म्हाताऱ्याची वायर काढली.

सकाळी नऊ. लॅब बंद, दोघंच. नवी नक्कल कालच काढून ठेवली होती, आजपर्यंतच्या सगळ्या रीडिंगांसकट, अडॅप्टर सुटा. ह्या वेळी सगळं बाईंना विचारून, लिहून. बाईंनी म्हाताऱ्याला नीट बंद केला, मग पाठीमागची पिवळी वायर स्वतः ओढली. क्लिक. मी अडॅप्टर जोडायला माउसवर हात ठेवला.

"थांबा. नंबर कुठल्या वायरीवर होता ह्याची स्विच पाच मिनिटं आठवण ठेवतो. विसरू दे त्याला."

पाच मिनिटं उभे राहिलो. ह्या पाच मिनिटांत तो नंबर जगात कुणाचाच नव्हता. मला आईची आठवण आली, का ते कळलं नाही.

जोडला. 'ओके' दाबलं. बाईंनी दाबलेलं बघितलं. बेंचवर जुन्या दोराचा तुकडा लावून ठेवला होता. पहिलं रीडिंग आलं. दुसरं. मग ओळीनं. बाईंनी चिठ्ठीवरच्या रिकाम्या ओळीत लिहिलं: डेअर आल्टे.

घरी फोन केला. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला. "बोलली का?"

बोलली.

सोम. २४ मार्च

बाईंना म्हाताऱ्याला एकदा शेवटचं सुरू करायचं होतं. बटण दाबलं. टक, टक, टक. मग काही नाही. पुन्हा नाही. म्हणजे शनिवारी आम्ही त्याला बंद केला तो शेवटचाच. मागं फिरायला आता वाट नाही.

आणि आजच बाईंना आठवलं. त्यांच्या जुन्या वहीत आहे: प्रोग्राम रोज नंबर बघतो, पण महिन्याच्या एक तारखेला पहिल्यांदा उघडताना आणखी काहीतरी विचारतो. पाच मिनिटं लागतात. काय विचारतो ते त्या भावांनी कुणाला सांगितलं नाही. आमच्या नकला १२ फेब्रुवारी आणि २१ मार्चच्या, त्यांनी एक तारीख पाहिलेलीच नाही. मला वाटलं होतं प्रोग्रामनं नकलेला ओळखलं. कदाचित महिन्याच्या परवानगीची चिठ्ठी खिशात होती म्हणून सोडलं असेल.

मंगळ. २५ मार्च

एका वेगळ्या नकलेचं घड्याळ एक एप्रिलवर नेऊन बघितलं. 'तारीख चुकीची', आणि बंद. दोघं भाऊ हुशार होते.

रवि. ३० मार्च

आज घड्याळं एक तास पुढं. पहिल्यांदाच असं वाटलं की तो तास मला हवा होता.

सोम. ३१ मार्च

शेफनं, म्हणजे साहेबांनी, पत्र दिलं, प्रोबेत्साइट पास. ब्लू कार्डची, इथं राहायच्या परवान्याची, काळजी मिटली. प्रज्ञानं शिरा केला. आनंद व्हायला हवा तेवढा झाला नाही.

बाईंचा निरोप. केक, फुलं, शेफचं भाषण. 'दोरांची आई' वगैरे. बाईंनी बिल्ला आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. दारापाशी मला म्हणाल्या, "उद्या उघडलं तर फोन करू नका. नाही उघडलं तरीही करू नका." मग हातातली फुलं सावरत, "आल्झो, तुम्हाला वाटेल तसं करा."

त्यांच्या खुर्चीकडं बघवत नव्हतं.

मंगळ. १ एप्रिल

सकाळी पावणेसात. एस-बानमधून उतरून गेटपाशी आलो तर एबर्टबाई उभ्या. कालचाच कोट. बिल्ला नाही म्हणून आत जाता येईना.

"मला बेझुखर म्हणून आत घ्या."

वही काढली. बाबांच्या नावाखाली दोन ओळी सोडून त्यांचं नाव. 'कुणाला भेटायचं' ह्या रकान्यात माझं नाव लिहायचं असतं. त्यांनी लिहिलं: डेअर आल्टे.

प्रोग्राम सुरू केला. करडी खिडकी आली आहे, रिकामी. घड्याळाकडं बघवेना म्हणून वही काढली, तेच लिहितोय. बाबांचा मेसेज आला: बोलली का. अजून उत्तर दिलेलं नाही.

खिडकी तशीच. तीन मिनिटं झाली असावीत.

बाईंना खुर्ची दिली, बसल्या नाहीत. होस्टच्या मागं गेल्यात. पिवळ्या वायरीवर दोन बोटं ठेवली, मान खाली घातली, आणि बाबांनी दाखवलं होतं अगदी तसं, हळूच म्हणाल्या, "हॅलो."

आता ऐकतायत.